कोल्डप्लेची गर्दी छापली, वाजवणं राहून गेलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला नेरुळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश रॉक बँडचे कार्यक्रम झाले. त्या आठवड्यात आपल्या नवी मुंबईच्या पानावर वाहतुकीतले बदल, पार्किंग, हॉटेलांचे चढलेले दर, तिकिटांचा काळाबाजार, प्रेक्षकांच्या मनगटावरचे लुकलुकणारे पट्टे असा भरपूर मजकूर होता. इथली रहिवासी म्हणून तो मला उपयोगीही पडला. पण हे चौघं वाजवतात काय आणि कसं, यावर एक ओळ आली नाही. २०१९ च्या डिसेंबरात यू टू हा आयरिश बँड याच मैदानावर वाजवून गेला, तेव्हाही हेच झालं होतं.

मी सीवूड्सला गिटार शिकवते. कार्यक्रमानंतर कोल्डप्लेचं 'यलो' हे गाणं शिकायचंय म्हणून बरीच मुलं आली. नेहमीसारखी गिटार लावून, नेटवरचे कॉर्ड (एकत्र छेडायच्या स्वरांचे गट) धरून ती वाजवतात आणि हिरमुसतात, कारण सगळं बरोबर असूनही गाणं 'तसं' लागत नाही. ते लागणारच नाही. या गाण्यासाठी तारा वेगळ्या लावाव्या लागतात. सगळ्यात बारीक तार अर्धा स्वर उतरवली की एकदम फरक कळतो. मग कॉर्ड बदलला तरी न दाबलेल्या, मोकळ्या तारा मागे गुंजत राहतात, सतारीच्या तरफांसारख्या. गाण्यात जी किंचित ओली, हुरहूर लावणारी छटा आहे, ती बरीचशी तिथून येते. आणखी एक गोष्ट मी मुलांना मुद्दाम ऐकायला लावते. सुरुवातीला इलेक्ट्रिक गिटार खरखरीत, मोठ्या आवाजात येते, आणि बँडचा गायक ख्रिस मार्टिन गायला लागला की बाजूला होते. गाणाऱ्यासाठी जागा मोकळी करून देणं हे साथीचं शहाणपण आपल्याकडच्या कुठल्याही संवादिनीवाल्याला लगेच ओळखू येईल.

'यलो' ज्या अल्बममधलं, तो 'पॅराशूट्स' १० जुलै २००० रोजी आला. हा त्यांचा पहिला पूर्ण अल्बम. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एकत्र आलेल्या या चौघांनी त्याआधी, १९९८ मध्ये, 'सेफ्टी' नावाची छोटी रेकॉर्ड काढली होती, तिच्या प्रती होत्या ५००. 'पॅराशूट्स'चं बरंचसं काम लिव्हरपूलमध्ये आणि वेल्समधल्या रॉकफिल्ड या शेतावरच्या स्टुडिओत झालं; निर्माता केन नेल्सन. कव्हरवर एक पिवळा, आतून उजळलेला पृथ्वीगोल आहे, बाकी सगळा अंधार. पुढे त्याला ग्रॅमीचा सर्वोत्कृष्ट अल्टरनेटिव्ह अल्बमचा पुरस्कार मिळाला.

स्टेडियम पाहून आलेल्यांना हा अल्बम ऐकवला की ती गोंधळतात. फटाके नाहीत, हजारो लोकांनी एका सुरात म्हणायची ओळ नाही. पहिलं गाणं 'डोन्ट पॅनिक' अडीच मिनिटांच्या आत संपतं. 'स्पार्क्स'मध्ये गाण्याचा भार गाय बेरीमनच्या बेस गिटारवर आहे. चांगला हेडफोन लावून फक्त तिच्यामागे जावं, सगळं गाणं उलगडतं. 'ट्रबल' पियानोच्या एका लहानशा वळणावर उभं आहे. आणि शीर्षकगीत? एक मिनिटसुद्धा नाही, नुसता आवाज आणि गिटार. शेवटाकडे अल्बम थोडा रेंगाळतो असं माझं मत आहे. 'हाय स्पीड' मला आजही परकं वाटतं. तरीही पुढच्या त्यांच्या कितीतरी झगमगीत अल्बमांपेक्षा मी याला वर ठेवते. या चौघांनी इथे एकमेकांचं ऐकत वाजवलंय, आणि ते आपल्यालाही ऐकू येतं.

हे मी एवढ्या तपशिलात लिहिलं, कारण वाशी, नेरुळ, ऐरोली, ठाणे इथल्या मुलांचे बँड आज घरच्या खोलीत, लॅपटॉपवर आपला पहिला अल्बम रेकॉर्ड करताहेत. त्यातली काही मराठीत गाणी लिहितात. कोऱ्या जागेवर वाद्यांचे सात-आठ थर चढवायचे, ड्रमचा प्रत्येक ठोका संगणकाच्या चौकटीत बसवायचा, गाणाऱ्याच्या आवाजावर प्रतिध्वनी (एको) ओतायचा, हेच त्यांना आधुनिक वाटतं. कारण काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे मराठीत त्यांना सांगणारं कुणी नाही. बातमीत त्यांचा उल्लेख आला तर 'तरुणाईचा जल्लोष' एवढाच येतो. कॉलेजच्या कार्यक्रमात ड्रमने गायकाला बुडवलं की नाही, बेसवाला लयीत होता का, गाण्याचे शब्द कळले का, हे कुणी लिहीत नाही. असं लिहिलं तर त्या मुलांना वाईट वाटेल, हे मान्य. पण तेच कात्रण ती जपूनही ठेवतील.

आपल्या दैनिकात शास्त्रीय मैफलीचं परीक्षण येतं तेव्हा बढत कशी झाली, तबलजीने ठेका कसा धरला, दुसऱ्या तानपुऱ्याची जोड जमली का, इतकं बारीक लिहिलेलं असतं. मी ती परीक्षणं आवर्जून वाचते. त्यांच्यामुळेच मला ऐकायची सवय लागली. तसंच एखादं सदर, पंधरा दिवसांनी का होईना, रॉक आणि स्वतंत्र बँडच्या अल्बमसाठी सुरू करावं, अशी आग्रहाची विनंती आहे. त्यासाठी नवा माणूस शोधायची गरज नाही. आपल्या शास्त्रीय संगीताच्या समीक्षकांनाच आधी 'पॅराशूट्स' ऐकायला द्या आणि त्यांना जे ऐकू येईल ते तसंच छापा.

आपली,
एक वाचक, सीवूड्स, नवी मुंबई