फायब्रोमायल्जियाच्या रुग्णाला वेगळा व्यायाम-तक्ता द्या

संपादक महोदय,

फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याच्या आजाराच्या, रुग्णांना ‘व्यायाम करा’ एवढं सांगून वाटेला लावलं जातं, म्हणून हे पत्र. सल्ला बरोबरच आहे. संधिवाततज्ज्ञांच्या ‘यूलार’ या युरोपीय संघटनेच्या २०१७ च्या शिफारशींत सर्वांत ठाम शिफारस व्यायामाचीच आहे. एकाही औषधाला तो मान नाही. पण कोणता, किती, कसा वाढवायचा, हे कोण सांगणार?

मी गणित शिकवते. फळ्यावर उंच लिहायला हात वर धरला की मानेपर्यंत ठणका जातो. सुरुवातीला मला जो छापील कागद मिळाला, तोच कंबरदुखीवाल्यांनाही मिळत होता: प्रत्येक व्यायाम दहा वेळा, तीन फेऱ्या. या आजारात त्या दिवशी सगळं जमून जातं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग उठू देत नाही. घरचे म्हणतात, व्यायामानेच वाढलं. कितीतरी जण इथेच व्यायाम सोडतात.

या आजारात मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश वाढवून घेतात, म्हणून रक्ततपासणी, एक्स-रे नॉर्मल येऊनही दुखणं खरंच असतं. अशा शरीराला हळूहळू सवय लावावी लागते.

पुढे भेटलेल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी आधी विचारलं, “सगळ्यात वाईट दिवशी किती चालवतं?” त्याहूनही कमी चालण्यापासून सुरुवात झाली. सपाट जागा, बोलता येईल इतका वेग. चांगला दिवस उजाडला तरी ठरल्यापेक्षा जास्त चालायचं नाही, आणि मला तरी हीच शिस्त सगळ्यात जड गेली. वाढवायचं ते आठवड्या-दोन आठवड्यांनी, थोडंसं, एका वेळी एकच गोष्ट. व्यायामाचा रबरी पट्टा ओढण्यापेक्षा सावकाश सोडताना स्नायू जास्त दुखावतात, म्हणून तो भाग आखूड ठेवला आणि दोन व्यायामांमध्ये विश्रांती घेतली. हात खांद्याच्या वर नेणं सगळ्यात शेवटी आलं. ज्यांना सोय आहे त्यांनी कोमट पाण्यातले व्यायाम जरूर विचारावेत. पाणी शरीराचं वजन पेलतं. दुखणं उसळलं तर पूर्ण बंद करायचं नाही, निम्म्यावर यायचं.

फिजिओथेरपिस्टना माझी विनंती आहे: चांगल्या आणि वाईट दिवसासाठी दोन वेगळे तक्ते लिहून द्या, आणि पुढच्या भेटीत ‘किती केलं’ याआधी ‘दोन दिवसांनी कसं वाटलं’ हे विचारा.

– एक शिक्षिका