‘आय सेव्हन गेमिंग पीसी’ घेण्यापूर्वी

महोदय,

दहावी-बारावीचे निकाल लागले की ‘अभ्यासालाही होईल, गेमही चालतील’ अशा जाहिराती सुरू होतात. आपल्या शहर पुरवणीत पीसी आणि कन्सोलची (टीव्हीला जोडून गेम खेळण्याच्या यंत्राची) तुलना छापून आली, त्यात दोन्हींच्या किमती शेजारी शेजारी होत्या. तेवढ्यावर खरेदी केली तर फसायला होते.

सोनीचा पीएस ५ स्लिम कन्सोल भारतात एप्रिल २०२४ मध्ये आला तेव्हा डिस्क ड्राइव्ह असलेला ५४,९९० रुपयांना आणि डिस्क ड्राइव्ह नसलेला ‘डिजिटल’ ४४,९९० ला होता. भाव वरखाली होतात, पण एवढ्या पैशांत त्याच्या तोडीचा पीसी नव्या भागांतून उभा राहत नाही. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी (वेगवान साठवण), ६५० वॅटचा चांगला एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि कॅबिनेट ही जुळणी सत्तर-ऐंशी हजारांच्या खाली सहसा उतरत नाही. रॅम आणि एसएसडी महागल्यापासून तर आणखीच वर. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस वेगळे.

म्हणून आमचे मत सरळ आहे. हातात साठ हजारांच्या आत पैसे आहेत, घरात बरा टीव्ही आहे आणि गेमच खेळायचे आहेत, तर कन्सोल घ्यावा. लाखाच्या जवळ जाता येत असेल आणि व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडीचे काम खरोखर करायचे असेल, तर पीसी. पहिल्या वर्षाच्या कोडिंगला ग्राफिक्स कार्ड लागत नाही, हे मुले घरी सांगत नाहीत.

खरा घोळ आहे तो पंचवीस-तीस हजारांत मिळणाऱ्या ‘आय सेव्हन, १६ जीबी, गेमिंग’ पेटीचा. पुढे काच, आत रंगीत पंखे. ही आय सेव्हन म्हणजे इंटेलचा प्रोसेसर, बहुधा २६०० किंवा ३७७० असते, म्हणजे अनुक्रमे २०११ आणि २०१२ सालची. सोबत जीटी ७३० कार्ड. त्याच्या ‘४ जीबी’ला भुलू नये, ती मेमरी संथ डीडीआर ३ असते आणि आजच्या मोठ्या गेमपुढे ते कार्ड टिकत नाही. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (मदरबोर्डवरची सुरक्षेची सोय) लागते, म्हणजे हे जुने प्रोसेसर त्यात बसत नाहीत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आडवाटेने विंडोज ११ टाकून दिले तर डेस्कटॉप दिसतो खरा, पण विंडोज ११ वर व्हॅलोरंट हा गेम टीपीएम आणि सिक्युअर बूटशिवाय (सुरू होतानाच्या सुरक्षा तपासणीशिवाय) सुरूच होत नाही, आणि मुलाला नेमका तोच खेळायचा असतो. दुकानातच विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून ‘टीपीएम.एमएससी’ टाइप करावे. खिडकीत २.० दिसले नाही तर आधी कारण विचारावे. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा पूर्ण क्रमांकही वाचावा.

एसएमपीएसकडे तर कोणी पाहतच नाही. स्वस्त डब्यावर ठळक ‘४५० वॅट’ छापलेले असते. त्याच्या बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टपुढचे अँपिअर वाचा. तिथे १६ असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर मिळून जेमतेम १९२ वॅट. आरटीएक्स ४०६० एकटे ११५ पर्यंत घेते, ५६०० प्रोसेसर ऐंशीच्या आसपास, शिवाय पंखे आणि डिस्क. असा पीसी विंडोजमध्ये दिवसभर चालतो आणि गेम सुरू करून दहा मिनिटांत धाडकन बंद पडतो. मग विंडोज पुन्हा टाकले जाते, रॅम बदलली जाते. दोष मात्र त्या डब्यात असतो.

जुळणी नवी असली तरी तीन गोष्टी घरी तपासाव्यात. एचडीएमआयची केबल मदरबोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डच्या आडव्या पट्टीतल्या सॉकेटला लावावी. चार खाचांच्या बोर्डवर दोन रॅम प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात, आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारा पर्याय, चालू हवा. नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वरच धावते. १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर विंडोज अनेकदा ६० वरच ठेवते. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जाऊन तो आकडा हाताने बदलावा लागतो. कार्ड नंतर घेऊ म्हणून अंगचे ग्राफिक्स असलेला ५६००जी प्रोसेसर घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की त्यात एल ३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ५६०० च्या निम्मी म्हणजे १६ एमबी आहे आणि पीसीआयई (कार्ड जोडण्याचा मार्ग) तिसऱ्या पिढीचे.

कन्सोलचा खर्चही डब्यावर संपत नाही. विकतचे गेम मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायला पीएस प्लसची वर्गणी लागते. फोर्टनाइटसारख्या मोफत गेमना ती लागत नाही, आणि पीसीवर अशी वर्गणीच नाही. नवा मोठा गेम पाच हजारांच्या आसपास जातो, म्हणून दहा हजार वाचवायला डिजिटल घेणे आम्हाला पटत नाही. डिस्क वापरून विकता येते, मित्राला देता येते. पीसीवरचा गेम खात्याला चिकटतो, पण स्टीमवर तो सेलमध्ये स्वस्त होतो आणि खरेदीपासून चौदा दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल, तर पैसे परत मिळतात. डिजिटल स्लिमला डिस्क ड्राइव्ह नंतर जोडता येतो, जोडताना इंटरनेट लागते.

दुबईहून आणलेल्या कन्सोलला भारतातली वॉरंटी मिळेल असे धरून चालू नये. शिवाय डिस्क ज्या प्रदेशातली, त्याच प्रदेशाच्या खात्यावर तिची डीएलसी (गेमची नंतर विकत घ्यायची वाढीव भर) घ्यावी लागते, आणि खात्याचा देश नंतर बदलत नाही.

पहिल्या पीएस ५ ची ८२५ जीबीची साठवण वापरायला ६६७ च्या आसपास उरते. आत एम.२ एसएसडी बसते, पण ती चौथ्या पिढीची हवी, वाचनाचा वेग ५,५०० एमबी प्रतिसेकंद किंवा जास्त, आणि हीटसिंकसह (उष्णता काढणाऱ्या धातूच्या पट्टीसह) एकूण जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत. मोठे हीटसिंक असलेली घेतली तर झाकण बसत नाही. १०० जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या जोडणीवर उतरायला साडेपाच तास लागतात.

नाशिकची हवा थंड असा लौकिक असला तरी एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते उखडलेले असताना धुळीला तोटा नाही. कन्सोल काचेच्या शोकेसमध्ये ठेवू नये, भिंतीपासून किमान १० सेंटीमीटर मोकळे सोडावेत. धूळ व्हॅक्यूमने ओढावी. पीएस ५ च्या प्रोसेसरवर पेस्टऐवजी द्रवरूप धातू असतो. तो बोर्डवर सांडला तर शॉर्टसर्किट होते, म्हणून तो भाग घरी उघडू नये. पीसीला ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे.

वळवाच्या पावसात वीज जाते-येते. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, गेमिंग पीसीला फक्त बंद करण्यापुरता. झटका बसून पीएस ५ नीट सुरू झाला नाही, तर पॉवरचे बटण दुसरी बीप येईपर्यंत दाबून धरावे, कंट्रोलर केबलने जोडावा आणि डेटाबेस पुन्हा बांधण्याचा पर्याय निवडावा. सगळे पुसणारा रीसेट शेवटी. विजेच्या बिलाचे म्हणाल तर कन्सोल २०० वॅट आणि पीसी ३०० वॅट धरला, तर रोज तीन तास खेळून महिन्याला फरक नऊ युनिटांचा. त्यावरून घरात वाद नको.

आणि मित्र काय खेळतात ते आधी विचारावे. काउंटर स्ट्राइक २ आणि डोटा २ कन्सोलवर नाहीत. व्हॅलोरंट कन्सोलवर आहे, पण पीसीवाल्यांबरोबर खेळता येत नाही. उलट काही गेम कन्सोलवर आधी येतात: जीटीए ५ तिथे सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये.

आपल्या पुरवणीला विनंती, पुढच्या तक्त्यात पीसीच्या किमतीखाली प्रोसेसर, कार्ड आणि एसएमपीएसचे पूर्ण मॉडेल छापावे. ग्राहकांनीही बिलावर ‘गेमिंग पीसी एक नग’ असे लिहून घेऊ नये. प्रत्येक भागाचे नाव आणि सिरियल नंबर घ्यावा, रिकामे खोके घरी आणावेत. प्रोसेसर खोक्याशिवाय, म्हणजे ‘ट्रे’चा असेल, तर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी मिळेलच असे नाही, हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावे.

— कॉम्प्युटर जुळणी व दुरुस्ती करणारे काही व्यावसायिक, सिडको, नाशिक