बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या टर्नर मामांना

मामा,
सा. न. वि. वि.

"दोन स्क्रू बदलले, त्याला पत्र कशाला?" असंच म्हणाल तुम्ही. पण त्या रविवारी बिल घेतलं नाहीत, चहासुद्धा अर्धा टाकून गेलात. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

आमची पॅथॉलॉजीची लॅब लहान. निपाणी, चिकोडी, खानापूर, पलीकडून चंदगड, कुठूनही पेशंटच्या गाठींचे तुकडे तपासायला बाटल्यांतून येतात. कधी बसच्या कंडक्टरच्या हाती, कधी तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनऐवजी सलाईनमध्ये, कधी अरुंद तोंडातून कोंबलेला तुकडा. बाटलीवर नाव कानडीत, फॉर्मवर मराठीत, आणि पाटील तर रोज चार. या गोष्टींवर फोनवरून भांडता येतं. मायक्रोटोमशी कसं भांडणार?

ते यंत्र मेणात बसवलेल्या तुकड्याचे चार-चार मायक्रॉनचे काप काढतं. केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस काप बसतील. गेल्या पावसाळ्यात आमच्या कापांवर पट्टे यायला लागले. एक जाड, एक पातळ, पुन्हा जाड. रंगवल्यावर स्लाइड जमखान्यासारखी दिसायची. डॉक्टर स्लाइड परत पाठवायचे आणि मी पुन्हा कापायला बसायची. तोंडातल्या गाठीचा तुकडा असतो तांदळाच्या कणीएवढा. तंबाखूवाल्या पट्ट्यातून असे तुकडे फार येतात. प्रत्येक फुकट कापाबरोबर तो झिजतो, आणि संपला की पेशंटला पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. मला रात्री झोप येत नव्हती ती त्या कण्यांमुळे.

आम्ही काय नाही केलं? ब्लेड बदललं. मेणाचे ब्लॉक बर्फावर जास्त वेळ ठेवले. मेणात बसवण्याआधी तुकड्यातलं पाणी अल्कोहोलनं काढतात, मग तो झायलीन नावाच्या द्रवात ठेवतात. पावसाळी हवेत अल्कोहोल पाणी ओढतं, तुकड्यात पाणी राहिलं की झायलीन दुधाळ होतं. तसं काही नव्हतं, तरी सगळं अल्कोहोल ओतून नवं भरलं. उलट तुकडा जास्त सुकला तरी असेच पट्टे येतात, म्हणून अल्कोहोलमध्ये ठेवायच्या वेळा कमी केल्या. मेणही बदललं. कंपनीचा माणूस तीन आठवड्यांनी येतो म्हणाला.

शेवटी भाऊजींनी तुम्हाला आणलं. तुम्ही आधी पॅथॉलॉजी विचारलीच नाहीत. ब्लॉकचा कापलेला चेहरा ट्यूबलाइटखाली तिरका धरलात आणि म्हणालात, "ताई, हे चॅटर आहे की. लेथवर टूल थरथरलं की जॉबवर असंच येतं." आमच्या पुस्तकातही त्याला चॅटरच म्हणतात, मामा! मी वर्षानुवर्षं हा शब्द वाचत होते. तो कारखान्यातून आलाय हे कधी डोक्यात आलं नाही.

मग धार बघायला तुम्ही अंगठा पुढे केलात आणि मी किंचाळले. त्याबद्दल माफी. त्या ब्लेडनं माझ्याच बोटाला दोन टाके आहेत.

तुम्ही टेबलावर स्टीलच्या पेल्यात पाणी ठेवून गप्प बसलात. पाच मिनिटांनी शेजारचा डीप फ्रीझर सुरू झाला आणि पाण्यावर वलयं उठली. इतके दिवस तो कॉम्प्रेसर त्याच फळीला टेकून घरघरत होता आणि आम्ही अल्कोहोलला शिव्या देत होतो. पण तेवढ्यावर तुमचं समाधान झालं नाही. ब्लेड धरणारा क्लॅम्प हलवून बघितलात, स्क्रूचे आटे झिजलेले निघाले. "रिलीफ अँगल किती ठेवता?" विचारलंत, म्हणजे धारेमागे ब्लेड ब्लॉकपासून किती तिरकं सुटतं तो कोन. मी पाच अंश म्हटलं. मोजला तर दोनही भरेना; कुणीतरी साफ करताना सरकवला होता. धारेमागे मोकळीक नसली की ब्लेड कापत नाही, घासतं, हे तुम्ही मला खिळ्यानं साबणाची वडी खरवडून दाखवलंत.

दुसऱ्या रविवारी तुम्ही नवे स्क्रू घेऊन आलात आणि दोघांना उचलावा लागेल असा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, पाटाही. फाउंड्रीत पडून होता म्हणालात. बीड थरथर गिळतं, म्हणून लेथचा बेड बिडाचा. मायक्रोटोम त्यावर बसला, फ्रीझर भिंतीपलीकडे गेला. पहिला ब्लॉक लावताना माझाच हात थरथरत होता. कापांची सलग रिबन निघाली, कोमट पाण्यावर सुरकुती न पडता पसरली. तुम्ही वाकून बघितलंत आणि म्हणालात, "एवढ्यासाठी एवढं?" होय मामा, एवढ्यासाठीच.

अडकलेले सगळे रिपोर्ट त्याच आठवड्यात गेले. दोन ब्लॉकमध्ये जेमतेम काही कापांपुरतंच उरलं होतं. दोन्हींत निदान झालं.

भाऊजींबरोबर कुंदा पाठवतेय. साखर चालत नसेल तर नातवंडांना द्या. आणि एक मागणं आहे: त्या स्क्रूचं माप, आट्यांसकट, एका कागदावर लिहून द्या. मी तो कागद मायक्रोटोमच्या झाकणाला आतून चिकटवणार आहे.

तुमची,
लॅबवाली ताई