डोंगरउतारावर वाइन-द्राक्षांचा विचार व्हावा

महोदय,

वाइन-द्राक्षांची चर्चा निघाली की नाशिक आणि फार तर पलूसचे नाव घेऊन आपण थांबतो. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील गगनबावडा, राधानगरीच्या धुवाधार पावसात द्राक्षबाग उभी करणे व्यर्थ आहे, हे मान्यच. परंतु हातकणंगले तालुक्यातील आळते, कुंभोज परिसरातील कमी पावसाच्या, मुरमाड उतारांना हा नियम लागू होत नाही.

वाइनसाठी एकरी टनेज नव्हे, तर मण्यातील साखर, आम्लता आणि सालीतील रंग यांचा मेळ महत्त्वाचा असतो. उतारावर पाणी साचत नाही, हलक्या जमिनीत वेलीची वाढ आपोआप आवरली जाते आणि हवा खेळती राहिल्याने केवडा व भुरी या रोगांचा जोर कमी होऊन फवारण्याही घटू शकतात. मात्र उतारावर उभे चर काढून लागवड केली, तर दोन-तीन पावसाळ्यांतच माती ओढ्याला जाईल. म्हणून ओळी समपातळी रेषेवर, म्हणजे उताराला आडव्या घ्याव्यात, ओळींमध्ये ताग किंवा गवत राखावे आणि खालच्या बाजूस शेततळे असावे. (उसाच्या पाटपाण्याची सवय येथे सोडावीच लागेल.)

खरा अडथळा बाजाराचा आहे. शिराझ किंवा शेनिन ब्लां या वाइन-द्राक्षांच्या जातींचे मणी खाण्यासाठी विकले जात नाहीत. त्यामुळे वायनरीशी लेखी करार होण्यापूर्वी कोणीही मांडवाचा खर्च करू नये. कृषी विभागाने पुण्याजवळील मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या सल्ल्याने आधी एखाद्या उतारावर प्रात्यक्षिक बाग घ्यावी, ही विनंती.

– एक शेतकरी वाचक, कोल्हापूर