सलाम सांगायचा राहिलाय

प्रिय आई-बाबा,

सलाम.

फोनवर हे बोलणं होत नाही. बाबा, मी विषय काढला की तुम्ही "तिकडे पाऊस कसा आहे?" विचारता आणि फोन आईकडे देता. म्हणून लिहितेय.

गेल्या गुरुवारी आमच्या घरसभेत बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा, म्हणजे पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा, सोळावा अध्याय होता. लहानपणी रविवारच्या शब्बाथ शाळेत आम्ही तो भराभर उरकायचो, कारण त्यात नुसती नावं. या वेळी पाळकसाहेबांनी आम्हाला एकेक नाव सावकाश वाचायला लावलं. ज्यांना सलाम सांगितलाय, अशी २४ नावं निघाली. पौल तोवर रोमला गेलेलाही नव्हता. तरी कोणाच्या घरी मंडळी जमते, कोण फार कष्ट करते, कोण आपल्याबरोबर तुरुंगात होतं, सगळं त्याला पाठ. रूफच्या आईचं नाव तो लिहीत नाही, ती माझीही आई आहे एवढंच म्हणतो. तिथे माझा आवाज दाटला. नगरच्या आपल्या मंडळीत मला अशा किती आया होत्या! आई शाळेतून उशिरा यायची तेव्हा मला जेवू कुणी घातलं, प्रीतिभोजनाच्या आदल्या रात्री कणीक तिंबायला कुणी शिकवलं, सगळं आठवत राहिलं.

बाबा, तुमच्या सलामांतला एक सलाम दोन वर्षं राहिलाय. नाव लिहीत नाही, तुम्हाला कळलंय. वार्षिक सभेत त्या काकांनी सगळ्यांसमोर मंडपाच्या पावत्या मागितल्या. तुम्ही २१ वर्षं खजिनदार, थैलीतला एक रुपया कधी इकडचा तिकडे झाला नाही. तुम्हाला लागलं ते खरंच लागण्यासारखं होतं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात रीत स्पष्ट आहे, आधी एकट्यानं जाऊन एकांतात बोलावं. ती त्यांनी पाळली नाही. पण नंतर तुम्हीही त्यांच्या घरी गेला नाहीत, आणि प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला सगळे मिळून घेतात त्याआधीच उठून बाहेर यायला लागलात. मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

१९७० सालची नागपूरची गोष्ट आजोबा किती रंगवून सांगायचे! सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या मिळून सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की समज आल्यावर, यावर त्यांचं एकमत नव्हतं. त्यांनी दोन्ही रीती ठेवल्या आणि प्रभुभोजनाच्या एका मेजाशी आले. एवढा मोठा फरक पोटात घेतलेलं ते मेज आपण पावत्यांवरून सोडायचं का?

इथे पुण्यात माझंही क्वायरमधल्या एकीशी बिनसलं होतं. माझं ऑपरेशन झालं तेव्हा पहिला डबा तिचाच आला, मऊ खिचडी आणि लिंबाचं लोणचं. त्या दिवशी माफीचा शब्द दोघींपैकी कुणीच काढला नाही. बरी झाल्यावर मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि गाण्याचं पुस्तक दोघींनी मिळून धरलं. बोलणं त्यानंतर पंधरा दिवसांनी झालं. आधी बसावं लागलं.

आता आई, रागावू नकोस, मी सांगून टाकतेय. बाबा, जूनमध्ये तुमचा गुडघा सुजला होता आणि आई एकटी उपासनेला जायची. तेव्हा भर पावसात रिक्षा शोधून तिला आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत सोडणारे तेच काका होते. तुम्हाला अवघडल्यासारखं होईल म्हणून ते घरापर्यंत आले नाहीत. आईनं हे चार महिने पोटात ठेवलं.

हंगामाच्या सणाला मी येतेय, शनिवारी दुपारच्या एसटीनं. आपल्या पेरूच्या झाडाची पहिली पाटी दरवर्षी वेदीपुढे जाते. या वर्षी त्यातले चार पेरू आधी काढून ठेवा. संध्याकाळी आपण दोघं काकांकडे जाऊ. तुम्हाला काही बोलायचं नसलं तर नुसता सलाम करा, पुढचं मी सांभाळते. रविवारी पाटी त्यानंतरच चर्चला नेऊ.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव, येताना आणते.

तुमची लेक