बानाखतातून बाहेर पडण्याचे कलम: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास आणि शहरी गृहनिर्माण मंत्री,
गुजरात राज्य, गांधीनगर

महोदय,
सविनय नमस्कार.

भायली, सेवासी, गोत्री, हरणी, वाघोडिया रोड. बडोदे आता या दिशांनी वाढते आहे. दांडिया बाजारातल्या, रावपुऱ्यातल्या जुन्या घरांतून आणि भाड्याच्या खोल्यांतून निघालेली मराठी कुटुंबे तिथे आयुष्यातले पहिले घर बुक करतात. त्यांतल्या काहींना ते घर ताबा मिळण्याआधीच सोडावे लागते. नोकरी जाते, बदली होते, बँक कर्ज नाकारते, डाउन पेमेंटसाठी ठेवलेली रक्कम आजारपणात संपते. आम्ही बडोद्यात दस्त, गृहकर्ज आणि कराची कामे करणारे लोक आहोत. घर घेणाऱ्याने बुकिंगमधून किंवा बानाखतातून, म्हणजे विक्रीच्या करारातून, माघार घ्यायची ठरवली की त्याच्या पैशांचे काय होते, एवढ्याच टप्प्याबद्दल हे पत्र आहे.

चूक बिल्डरची असेल तर कायदा भक्कम आहे. रेरा (स्थावर मिळकत नियमन आणि विकास) कायद्याच्या कलम 18 प्रमाणे करारात लिहिलेल्या तारखेला ताबा मिळाला नाही, तर घर घेणारा पूर्ण रक्कम व्याजासह परत मागू शकतो. नोव्हेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क बिनशर्त आहे असे स्पष्ट केले. जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात खोटे सांगून पैसे घेतले असतील, तर कलम 12 खाली तसाच हक्क मिळतो. अडचण अशी की लोक हा हक्क स्वतःच्या हाताने घालवतात. ताब्याची तारीख उलटून आठ महिने झालेले असतात आणि घर घेणारा व्हॉट्सअॅपवर लिहितो, "घरच्या अडचणीमुळे मला फ्लॅट नको, कॅन्सल करा." या एका वाक्याने बिल्डरच्या विलंबाचे प्रकरण ग्राहकाच्या मर्जीचे होते, आणि सुनावणीत बिल्डरचा वकील सगळ्यात आधी तोच संदेश पुढे ठेवतो. माघारीचा शब्द तोंडातून काढण्यापूर्वी रेरा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरची प्रकल्पाची नोंद, ताब्याची तारीख आणि मंजूर नकाशा काढून करारासमोर ठेवायला हवा. दुसरी चूक म्हणजे काही न कळवता हप्ते थांबवणे. तसे केले की थकबाकीची नोटीस येते आणि करार रद्द करण्याचे कारण बिल्डरच्या हाती जाते.

बिल्डरची काहीच चूक नसेल तेव्हा काय, हा खरा प्रश्न आहे. इथे प्रत्येक प्रकल्पाचा करार आपापली भाषा बोलतो.

सुरुवात बुकिंग फॉर्मपासून होते. कलम 13 प्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. पण 10 टक्क्यांच्या आतली रक्कम ज्या कागदावर घेतली जाते, तो बिल्डरने स्वतः छापलेला एक-दोन पानी फॉर्म असतो आणि खाली बारीक अक्षरांत "बुकिंगची रक्कम परत मिळणार नाही" अशी ओळ असते. केंद्राने 2016 मध्ये केंद्रशासित प्रदेशांसाठी जो नमुना करार दिला, त्यात याच्या उलट लिहिले आहे. कराराचा मसुदा मिळाल्यापासून 30 दिवसांत ग्राहकाने सही केली नाही, तर बिल्डरने नोटीस द्यायची. पुढच्या 30 दिवसांतही सही झाली नाही, तर अर्ज रद्द समजायचा आणि बुकिंगच्या रकमेसह सगळे पैसे बिनव्याजी परत करायचे. म्हणजे करारावर सही होईपर्यंत जप्ती नाही. ही तरतूद गुजरातमधल्या प्रत्येक बुकिंग फॉर्मवर ठळक छापणे बंधनकारक करावे, ही आमची पहिली मागणी आहे.

तिच्याशीच जोडलेली दुसरी मागणी कर्जाची. पहिले घर घेणारा बहुतेक वेळा कर्जावर घेतो, आणि कर्ज मंजूर होण्याआधी टोकन, म्हणजे बुकिंगची रक्कम, देतो, कारण "हा भाव रविवारपर्यंतच" असे त्याला सांगितलेले असते. मग बँक नाकारते. कधी पगार कमी पडतो, कधी जुनी थकबाकी निघते, तर कधी प्रकल्पाच्याच टायटलवर (जमिनीच्या मालकीहक्कावर) बँकेचा वकील शेरा मारतो. या तिसऱ्या प्रकारातही ग्राहकाचे टोकन जप्त झालेले आम्ही पाहतो, आणि तो सरळ अन्याय आहे. "ग्राहकाने 45 दिवसांत प्रामाणिकपणे अर्ज करूनही कर्ज नाकारले गेले, तर नकारपत्र दाखवल्यावर संपूर्ण रक्कम परत" हे एक वाक्य राज्याच्या नमुना करारात आले तर टोकनांचे कितीतरी वाद उभेच राहणार नाहीत.

आता करार झाल्यानंतरचा हिशेब. 48 लाखांचा फ्लॅट धरू. 30 टक्के, म्हणजे 14,40,000 रुपये भरले: 9,60,000 स्वतःचे, 4,80,000 बँकेचे. त्यावर 5 टक्के जीएसटी, 72,000, ग्राहकाच्या खिशातून. एकूण 15,12,000. माघार घेतल्यावर बिल्डरकडून हिशेबाचा कागद येतो: किमतीच्या 10 टक्के 4,80,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 86,400, दलाली 2 टक्क्यांनी 96,000, प्रशासकीय खर्च 50,000, आणि भरलेला जीएसटी 72,000 "सरकारकडे गेला". कपात 7,84,400. उरलेल्या 7,27,600 मधून बँकेचे 4,80,000 गेले की ग्राहकाच्या हाती 2,47,600 येतात. त्याने स्वतःचे 10,32,000 घातले होते.

या कागदातली एकेक ओळ तपासून पाहावी.

फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर गुरुग्रामच्या एका फ्लॅटचे प्रकरण होते. ग्राहक स्वतःहून मागे फिरला होता आणि करारात 20 टक्के जप्तीचे कलम होते. न्यायालयाने ते एकतर्फी ठरवले आणि 10 टक्क्यांचीच कपात कायम ठेवली. परताव्यावरचे व्याज मात्र काढून टाकले. बिल्डर आता या 10 टक्क्यांना ठरलेला दर समजू लागले आहेत. आमच्या मते ती कमाल मर्यादा आहे. करार कायद्याचे कलम 74 "वाजवी भरपाई" म्हणते, आणि 2015 च्या दिल्ली विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिले आहे की नुकसानच झाले नसेल तर बयाणा जप्त करता येत नाही. तिथे 3.12 कोटींची बोली रद्द करून तोच भूखंड पुढे 11.78 कोटींना विकला गेला होता, म्हणून 78 लाखांचा बयाणा परत करावा लागला. भायलीतला फ्लॅट दोन महिन्यांत चढ्या भावाने दुसऱ्याला विकला जात असेल, तर पहिल्या ग्राहकाचे 4,80,000 कोणत्या नुकसानीपोटी कापायचे?

जप्त रकमेवर 18 टक्के जीएसटी लावण्यालाही आधार नाही. ऑगस्ट 2022 च्या केंद्रीय परिपत्रकाने स्थावर मिळकतीच्या विक्रीकरारातली बयाणा जप्ती हा सेवेचा मोबदला नाही असे सांगितले आहे. दलाली बिल्डरने आपल्या दलालाला दिली, ती ग्राहकाने का भरायची?

भरलेल्या जीएसटीची गोष्ट थोडी सविस्तर सांगावी लागेल, कारण इथे अज्ञानापोटी फार पैसे बुडतात. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत बिल्डर क्रेडिट नोट (आधीचे बिल कमी केल्याचा कागद) काढून तो कर आपल्या हिशेबात वळता करू शकतो, आणि तसे केल्यावर ती रक्कम ग्राहकाला परत द्यायला हवी. ती तारीख उलटली असेल तरी रस्ता बंद होत नाही. 27 डिसेंबर 2022 च्या परिपत्रकाने नोंदणी नसलेल्या ग्राहकाला जीएसटी पोर्टलवर तात्पुरती नोंदणी करून स्वतः परतावा मागता येतो. नोंदणी बिल्डरची ज्या राज्यात आहे त्याच राज्यात करायची, आणि करार रद्द झाल्याचे पत्र बिल्डरने दिल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा. सोबत बिल्डरचा दाखला लागतो: कर भरला आहे आणि तो कुठेही वळता करून घेतलेला नाही. सगळे या दाखल्यापाशी अडते. रद्द झाल्याच्या पत्राबरोबरच हा दाखला देणे सक्तीचे केले, तर वरच्या उदाहरणातले 72,000 घरी येतील.

नियमाप्रमाणे फक्त 4,80,000 कापले, तर बँकेचे देणे फेडून ग्राहकाच्या हाती 5,52,000 राहतात. फरक 3,04,400 रुपयांचा. पहिले घर घेणाऱ्या बडोद्याच्या कुटुंबाला ही रक्कम उभी करायला वर्षे लागतात, महोदय.

तिसरी मागणी क्रमाबद्दल आहे, आणि आम्हाला ती सगळ्यात निकडीची वाटते. नोंदणी झालेले बानाखत तोंडी किंवा ईमेलने रद्द होत नाही. त्यासाठी सब-रजिस्ट्रारसमोर रद्द करार नोंदवावा लागतो. बिल्डर म्हणतो, आधी रद्द करारावर सही करा, मग पैसे. बँकेकडे मूळ बानाखत ठेवलेले असते. ती म्हणते, आधी आमचे पैसे, मग कागद आणि ना-हरकत पत्र. आणि त्या कागदाशिवाय रद्द करार पुढे सरकत नाही. दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि कर्जाचे व्याज चालू राहते. भरीला करारात एक कलम असते, "सदर युनिट पुन्हा विकले गेल्यावर परतावा दिला जाईल". हे कलम असताना परताव्याला तारीखच उरत नाही.

हातघाईला आलेला ग्राहक शेवटी पुढच्या तारखेच्या चेकवर विसंबून सही करून मोकळा होतो. सही झाली की फ्लॅट बिल्डरकडे परत गेला, आणि ग्राहकाच्या हातात उरतो तो चेक. त्याने सही रोखून धरलेली असते तोवरच बिल्डरला त्याची गरज असते, कारण जुने बानाखत उभे असताना तो फ्लॅट दुसऱ्याला रीतसर विकता येत नाही.

उपाय साधा आहे. सगळे एकाच दिवशी, एकाच टेबलावर. बिल्डरने दोन डिमांड ड्राफ्ट आणायचे, एक बँकेच्या नावाने कर्जखात्याच्या थकबाकीइतका आणि दुसरा ग्राहकाच्या नावाने. बँकेचा माणूस ना-हरकत पत्र घेऊन येईल. ड्राफ्टचे क्रमांक रद्द करारातच लिहायचे आणि मग सह्या. केंद्राच्या नमुन्यात परताव्याला 45 दिवसांची मुदत आहे. ती माघारीचा लेखी अर्ज पोचल्याच्या दिवसापासून मोजावी, आणि पुनर्विक्रीची अट असलेले कलम बेकायदा ठरवावे. कर्ज फिटल्यावर मूळ कागद 30 दिवसांत परत न करणाऱ्या बँकेला रिझर्व्ह बँकेने 1 डिसेंबर 2023 पासून दिवसाला 5,000 रुपये भरपाई लावली आहे. बिल्डरच्या विलंबालाही दिवसांचा हिशेब लावा. दरम्यान ग्राहकाने बँकेला लेखी कळवायला हवे की पुढचा हप्ता सोडू नये. ते कळवले नाही, तर बिल्डरच्या मागणीपत्रावर बँक पैसे सोडत राहते आणि सोडवायचा गुंता वाढत जातो.

जुन्या घरांच्या फेरविक्रीत रेरा लागू होत नाही, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. शहराच्या ज्या भागांना अशांत धारा (मिळकतीच्या हस्तांतरणावर निर्बंध घालणारा गुजरातचा कायदा) लागू आहे तिथे विक्रीला कलेक्टरची पूर्वपरवानगी लागते, पण परवानगी नाकारली गेली तर बयाण्याचे काय, हे बानाखतात लिहिलेलेच नसते. ती ओळ दस्त लिहिणाऱ्यांनी घालावी, अशी सूचना नोंदणी खात्यामार्फत जाऊ शकते. आणि कच्च्या चिठ्ठीवर दिलेली रोख रक्कम माघारीच्या वेळी कुणी कबूल करत नाही. मिळकतीच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास 1 जून 2015 पासून मनाई आहे आणि दंड रोख घेणाऱ्याला होतो. हे बुकिंग कार्यालयाच्या भिंतीवर लिहिलेले असावे.

भाषेचा मुद्दाही सोडून देववत नाही. रविवारी सहकुटुंब साइट बघायला गेलेल्या माणसापुढे चाळीस-पन्नास पानांचा इंग्रजी करार ठेवतात. याच बडोदे संस्थानाने 1931 मध्ये राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला कोश छापला होता, कारण सरकारी कागद रयतेला कळावा अशी सयाजीराव महाराजांची धारणा होती. आमचे मागणे त्या मानाने लहान आहे. कराराच्या वर एक पान गुजरातीत, रुपयांच्या आकड्यांसह: आज माघार घेतली तर किती कापले जातील, किती आणि कोणत्या तारखेपर्यंत परत मिळतील, जीएसटीचा दाखला कोण देईल. बडोद्यातल्या मराठी माणसाला गुजराती वाचता येते. त्या पानावर वेगळी सही असावी.

शेवटी वसुली. रेराचा आदेश हाती आल्यावरही रक्कम मिळत नाही, तेव्हा कलम 40 खाली ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची असते. हे काम कलेक्टर कचेरीतून मामलतदाराकडे जाते, जिथे इतर शंभर कामांत ती फाइल पडून राहते. बडोदे जिल्ह्यासाठी या वसुलीला एक स्वतंत्र अधिकारी नेमावा.

यासाठी विधानसभेत विधेयक आणण्याची गरज नाही. कराराचा नमुना ठरवण्याचा अधिकार कलम 13 आणि 84 प्रमाणे राज्य सरकारच्या नियमांत आहे, आणि बुकिंग फॉर्म, परताव्याचा क्रम, जीएसटीचा दाखला याबाबत कलम 37 खाली गुजरात रेरा निर्देश काढू शकते. रद्द कराराचा आणि त्या एका पानाचा मसुदा आम्ही गुजरातीत तयार केला आहे. आपल्या कार्यालयाने वेळ दिल्यास गांधीनगरला घेऊन येऊ.

आपले नम्र,
बडोद्यात दस्त, गृहकर्ज आणि कराचे काम करणारे नागरिक