लवकर वाचू लागलेल्या ईरासाठी

नाशिक,
१८ ऑगस्ट

प्रिय मेधा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ईरा अजून पाच वर्षांचीही नाही, तरी वर्तमानपत्राचे मथळे घडाघडा वाचते, हे वाचून फार आनंद झाला. तिला घरीच शिकवायचे ठरले तर भाषेसाठी तिसरीचे पुस्तक आणावे की चौथीचे, असे तू विचारले आहेस. माझे मत असे की तूर्त कोणतेच आणू नकोस. वाचन पुढे गेले म्हणजे सारी भाषाच तेवढी पुढे गेली, असे होत नाही. वाचणे, समजणे, बोलणे आणि लिहिणे या गोष्टी एकाच मुलात निरनिराळ्या वेगाने वाढतात, आणि घरी शिकवण्याचा मोठा फायदा हाच की त्या सगळ्यांना एका इयत्तेत कोंबावे लागत नाही.

देवनागरीची एक गंमत आहे. अक्षरे, काना-मात्रा आणि जोडाक्षरे बसली की मूल लांबलचक शब्दही म्हणून मोकळे होते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की त्याला तो समजलाच. म्हणून ईरा वाचत असताना नीट कान देऊन ऐक. ‘चंद्र’ आणि ‘चाक’ यांतला च, किंवा ‘जीवन’ आणि ‘जागा’ यांतला ज आपण वेगळा उच्चारतो, पण लिहिताना तो एकच असतो. तेव्हा शब्द ओळखीचा असेल तरच मुलाच्या तोंडून योग्य उच्चार येतो. एखाद्या शब्दाशी ईराचा च किंवा ज चुकला, तर तिला दुरुस्त करण्याआधी तो शब्द तिने कधी ऐकला आहे का, हे पाहावे. माझ्या अनुभवात समज तपासण्याची याहून सोपी आणि मुलाला न दुखावणारी रीत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मल्हारने ‘दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी’ हा मथळा न अडखळता वाचला आणि लगेच विचारले, “मग मारुती वर का येत नाही?” गोदावरीचा पूर नाशिककर त्या मूर्तीवरून मोजतात, हे त्याला ठाऊकच नव्हते. पूर ओसरल्यावर आम्ही त्याला गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, नेले आणि पाणी कुठवर चढले होते ते मूर्तीजवळ उभे राहून दाखवले. घरी आल्यावर तो सांगत गेला आणि मी त्याच्याच शब्दांत वहीत उतरवत गेले: “आधी मारुतीचे पाय बुडाले, मग गुडघे बुडाले, मग कंबर बुडाली, तोपर्यंत दुकानदारांनी सगळे सामान वर नेले होते.” एवढे मोठे वाक्य त्याच्या हाताने त्या वयात लिहिले गेलेच नसते, दोन शब्दांनंतर बोटे दुखली असती आणि वाक्य ‘पूर आला’ एवढ्यावर थांबले असते. त्यातला ‘मग कंबर बुडाली’ एवढाच तुकडा त्याने दुरेघी वहीत पाहून लिहिला, आणि दुसऱ्या दिवशी तोच मी श्रुतलेखनाला घातला.

ईरासाठीही हेच कर. रचना तोंडी होऊ दे, लेखनिक तू हो, आणि हाताचा सराव त्यापासून अगदी वेगळा ठेव: पाटीवर मोठी अक्षरे, कणीक मळणे, वाटाणे सोलणे, आणि वहीत रोज दोन-तीन ओळी, त्याहून जास्त नकोत. ऱ्हस्व-दीर्घाचा धाक आत्ताच घालू नये. शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि उकार सहसा दीर्घ, एवढा एक नियम या वयाला पुरतो. ‘आणि’सारखे अपवाद वाचता वाचता डोळ्यांत बसतील.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगते. ती स्वतः वाचते म्हणून तू तिला वाचून दाखवणे मुळीच थांबवू नकोस. ती वाचू शकते त्याहून कितीतरी अवघड भाषा तिला ऐकून समजते, आणि लांब वाक्याचा तोल, विरामाची जागा, प्रश्नाचा सूर हे सारे कानांवाटेच येते. तुझ्या सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या येतात, असे तू एकदा म्हणाली होतीस. त्या तिच्या कानांवर जरूर पडू देत. पुस्तके निवडताना मात्र तिचे वय पाहावे. दहा वर्षांच्या मुलांच्या गोष्टींतले शब्द तिला वाचता येतील, पण त्यांतली भीती आणि दुःख तिच्या वयाचे नसते. इथल्या सार्वजनिक वाचनालयाची परंपरा १८४० पासूनची आहे. अशा एखाद्या वाचनालयात तिला स्वतः पुस्तक निवडू दे, आणि तिने पुन्हा चित्रांचेच पुस्तक उचलले तर हिरमुसू नकोस. ते तिच्या हक्काचे आहे.

शाळेचा निर्णय आजच घेण्याची घाई नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ हा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे, त्यामुळे ईराच्या बाबतीत विचाराला वर्षभराचा अवधी आहे. पुढे शाळेत घालायचे ठरले, तर ती वाचते हे शिक्षकांना आधी सांग आणि तिची तोंडी रचनांची वही त्यांना दाखव. तिला नेमके काय येते, ते त्यांना गुणपत्रिकेपेक्षा त्या वहीतून अधिक कळेल.

दिवाळीत नाशिकला याल तेव्हा सविस्तर बोलूच. घरातील वडीलधाऱ्यांना नमस्कार, ईराला गोड पापा.

तुझी,
सुनंदा